डिकीतले बूट

या वेळचं पत्र कॅनडातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बाकी गोषवारा असा:

पत्रलेखिकेचं वय ३९. सहाव्या वर्षी त्या आईबाबांबरोबर नाशिकहून टोरोंटोजवळच्या एका गावी आल्या, सातव्या वर्षी बर्फावर उभ्या राहिल्या, आणि पुढची १० वर्षं फिगर स्केटिंगपुढे दुसरं काही सुचलं नाही. प्रांताच्या स्पर्धांपर्यंत मजल गेली. बारावीच्या वर्षी घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी बाबांनी गाडी रिंककडे, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानाकडे, न नेता घराकडे वळवली आणि म्हणाले, "पुरे झालं आता." त्यानंतर जवळजवळ २२ वर्षं त्या बर्फावर गेल्या नाहीत. आता नोकरी, नवरा आणि ९ वर्षांची लेक असा संसार आहे. आई गेल्यापासून बाबाही त्यांच्याकडेच राहतात. लेक दोन वर्षांपासून स्केटिंग शिकते. २०२४ च्या मार्चमध्ये माँट्रियलला डियाना स्टेलाटो-ड्यूडेक ४० व्या वर्षी जगज्जेती झाली, ते पाहिल्यापासून यांच्या डोक्यातून विषय जाईना. गेले सहा महिने त्या आठवड्यातून तीन दिवस पहाटे "जिमला" जातात, म्हणजे रिंकवर. दीड हजार डॉलरचे नवे बूट गाडीच्या डिकीत, जुन्या चादरीखाली आहेत. जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला प्रौढ स्केटर्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते, तिथे उतरायचं मनात आहे. पण नवरा हसेल, लेकीला वाटेल आई माझ्याशीच स्पर्धा करतेय, आणि बाबांना वाटेल ही इतक्या वर्षांनी हिशोब चुकता करतेय. "हे जमण्यासारखं आहे का, की नुसतं खूळ आहे?" असं त्या विचारतात.

—

सगळ्यात आधी ते बूट डिकीतून बाहेर काढा. घरच्यांना कळावं म्हणून म्हणत नाही, मला बुटांचीच दया आली. ओले बूट, तुमच्याकडची जानेवारीतली उणे पंधराची रात्र आणि बंद डिकी! चामडं ताठरतं, आतला घाम वाळत नाही, ब्लेडला बघता बघता गंज धरतो. बहुधा बऱ्याच वर्षांनी तुम्ही स्वतःवर एवढा खर्च केलात आणि ठेवलंत कुठे, तर स्टेपनीशेजारी.

मी स्केटर नाही. बर्फावर उभी केली तर कठडा सोडत नाही. पण मुलाच्या स्केटिंगपायी ८ वर्षं मी रिंकच्या बाकावर काढली आहेत आणि बाकावरून बरंच दिसतं. झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरून गेल्यावर काचेसारखा चमकणारा ओला बर्फ, ब्लेडला गार्ड घालून रबरी चटईवर पाय टाकत जाणाऱ्या पोरी, गुडघ्यावर पोराचा पाय घेऊन दात-ओठ खात नाड्या आवळणाऱ्या आया. पहाटेच्या वेळात एका कोपऱ्यात चाळिशी-पन्नाशीच्या दोन-तीन बायका नेहमी असायच्या. त्या मला तेव्हा जरा विचित्रच वाटायच्या, हे तुमच्यापाशी कबूल करते. तुमचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, त्यांच्यातलीही एखादी घरी "जिमला जाते" म्हणून सांगून येत असेल का?

आता डियाना. तिची गोष्ट तुम्ही चार ओळींत सांगितली आहे, आणि त्यात जे गाळलंत तिथेच मी अडकले. २००० साली ती अमेरिकेकडून ज्युनियर जागतिक स्पर्धेत उतरली आणि मुलींच्या एकेरीत रौप्यपदक घेऊन आली. (ती स्पर्धा कुठे झाली होती माहीत आहे? ओबर्स्टडॉर्फलाच.) मग खुब्याच्या दुखापती मागे लागल्या आणि १७ व्या वर्षी तिने खेळ सोडला. सौंदर्योपचाराच्या व्यवसायात पडली, त्यात वर चढली. पुढे कामाच्या ठिकाणच्या एका शिबिरात प्रश्न आला, अपयश येणारच नाही अशी खात्री असेल तर तुम्ही काय कराल? तिच्या तोंडून निघून गेलं, ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकेन. आईच्या घराच्या तळघरातून जुने बूट निघाले.

इथवर तुमची आणि तिची गोष्ट हातात हात घालून चालते. पुढे तिने नोकरी सोडली, शिकागोकडचं घर सोडून फ्लोरिडाला गेली, आणि एकेरीकडे न वळता जोडी स्केटिंगमध्ये शिरली, जिथे तिने आधी कधी स्पर्धा केलेली नव्हती. पहिल्या जोडीदाराबरोबर तीन वर्षं झाली, मग जोडी फुटली. दुसरा जोडीदार, माक्सिम देशाँ, माँट्रियलला भेटला, तर देशही बदलला. २०१६ ते २०२४, म्हणजे आठ वर्षं झाली. तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ते त्या आठ वर्षांचं शेवटचं टोक, एका संध्याकाळचं.

दाइसुके ताकाहाशीचंही पाहा. २०१० चा जगज्जेता, त्याच वर्षी ऑलिंपिकचं कांस्य. २०१४ साली निवृत्त झाला. ३२ व्या वर्षी परत आला, आणि त्या डिसेंबरात जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट दुसरा. जागतिक स्पर्धेला जायची संधी होती, ती त्याने तरुण मुलांसाठी सोडली. नंतर तर एकेरीच सोडून काना मुरामोतोबरोबर आइस डान्स सुरू केला. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस, उड्यांच्या खेळातून अशा प्रकारात गेला जिथे तशा उड्या मारायच्याच नसतात.

म्हणजे दोघंही ज्या दाराने बाहेर पडले त्या दाराने आत आले नाहीत. तुम्ही मात्र जुन्याच दारावर धडका मारताय. तुमच्या पत्रात "डबल ॲक्सल" हा शब्द मी मोजला, सात वेळा आहे. सतराव्या वर्षी तो "जवळजवळ बसला होता" आणि राहून गेला, म्हणून आता तो बसवायचाच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ॲक्सल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतात आणि मागे तोंड करून उतरतात, त्यामुळे डबल म्हणजे हवेत अडीच फेरे. उतरायचं एका पायावर, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका घोट्यावर घेऊन. आणि तुमचा कुठला घोटा मोडला होता हे एवढ्या लांबलचक पत्रात तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही! बहुतेकांसारख्या तुम्ही डाव्या बाजूने फिरत असाल तर प्रत्येक उडी उजव्या पायावर येणार. मोडलेला घोटा तोच असेल, तर तो डबल ॲक्सल विसरा असं मी म्हणणार नाही, कारण तो माझा अधिकार नाही. हाडांच्या डॉक्टरांचा आहे. त्यांना सहा महिन्यांत दाखवलंत का? जिमचं कारण सांगून रिंकवर जाणारी बाई घरच्या डॉक्टरकडे घोटा घेऊन जात नाही, याची मला जवळपास खात्री आहे.

रशियाच्या येवगेनी प्लुशेंकोचं नाव तुम्हीही घेतलं आहे. ऑलिंपिकमध्ये २००६ चं सुवर्ण, मग थांबून परत येऊन २०१० चं रौप्य, २०१४ ला सोचीत सांघिक सुवर्ण. पण त्याच सोचीत, एकेरीच्या आधी वॉर्म-अपमध्ये उडीवरून उतरताना त्याने पाठ धरली, पंचांपाशी गेला आणि नाव मागे घेतलं. आधीच पाठीवर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. घरच्या प्रेक्षकांसमोर, संगीत सुरू होण्याआधीच त्याची कारकीर्द संपली. ते दृश्य पाहताना माझ्या पोटात खड्डा पडला होता.

आता ज्या एका वाक्यासाठी मी हे पत्र निवडलं त्याकडे येते. तिसऱ्या पानावर, कंसात, तुम्ही लिहिलंय: "(खरं सांगू? गाडी घराकडे वळली तेव्हा हायसंही वाटलं होतं.)" आणि लगेच पुढच्या ओळीपासून पुन्हा बाबांनी कसं थांबवलं ते सुरू.

तो कंस काढून टाका आणि वाक्य जरा उजेडात धरा. त्या हिवाळ्यात ॲक्सलला जाताना पाय अडखळायचा, रात्री झोप यायची नाही, पहाटेचा गजर वाजला की पोटात दुखायचं, हे सगळं तुम्हीच दुसरीकडे विखरून लिहिलं आहे. मला त्यात खेळ हिरावून घेतलेली मुलगी दिसत नाही. थकलेली, घाबरलेली मुलगी दिसते, जिला कुणीतरी मोठ्या माणसाने "पुरे" म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं तुम्ही स्वतःला आणि बहुधा नवऱ्यालाही "मला सोडायला लावलं" असं सांगत आलात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

हे मी टोचायला काढलं नाही. अलिसा लियूचं उदाहरण घ्या, तुमच्या लेकीला तिचं नाव नक्की माहीत असेल. १३ व्या वर्षी अमेरिकेची विजेती, २०२२ ला बीजिंग ऑलिंपिक, लगेच जागतिक कांस्य, आणि १६ व्या वर्षी निवृत्ती. तिने उघड सांगितलं की तिला पुरे झालं होतं. कॉलेजला गेली, मित्रमैत्रिणींबरोबर फिरली. दोनेक वर्षांनी स्कीइंगला गेली असताना अंगात काहीतरी ओळखीचं सळसळलं, म्हणून एकदा रिंकवर जाऊन आली. मग परत आली ती स्वतःच्या अटींवर: संगीत कुठलं, पोशाख कुठला, सराव किती, हे तीच ठरवणार. २०२५ च्या मार्चमध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. तिच्यावर कुणाचा हिशोब चुकता करायचं ओझं नव्हतं, आणि तो सैलपणा तिच्या स्केटिंगमध्ये अगदी अडाण्यालाही दिसतो. मला दिसला म्हणजे दिसतोच.

बाबांशी बोलायचं ते त्या कंसातल्या वाक्यापासून. "मी पुन्हा सुरू केलंय" हे दुसरं वाक्य. पहिलं, "तुम्ही गाडी वळवलीत तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, मी कधी सांगितलं नाही." विचार करा, ते काय घेऊन बसले असतील. १० वर्षं पहाटे काचेवरचा बर्फ खरवडून ज्या माणसाने मुलीला रिंकवर नेलं, त्या माणसाने एका दुपारी स्वतःच्या हाताने ते बंद केलं. त्यालाही कधी वाटलं असेल की आपण चुकलो. तुम्ही डिकीत बूट लपवता ते त्यांना दुखवू नये म्हणून. पण एखाद्या दिवशी भाजीच्या पिशव्या ठेवताना त्यांनी ती चादर उचलली, तर त्यातून ते काय समजतील?

लेकीबद्दलची भीती मला अर्धी पटते. आई पडते, उठते, गुडघा चोळत हसते, हे नऊ वर्षांच्या मुलीने पाहावं यात तिचा तोटा नाही. धोका दुसरीकडे आहे. पूर्वी स्केटिंग केलेली एक आई आमच्या रिंकवर कठड्याला टेकून उभी असायची. मुलगी उडी घ्यायला निघाली की हिचे खांदे आपोआप वळायचे, हात छातीशी यायचे, टाच उचलली जायची. मुलगी उतरताना बर्फाकडे बघायचीच नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघायची. तेव्हा काही पथ्यं आत्ताच ठरवा. तुमचा कोच वेगळा, वेळ वेगळी. तिच्या सरावाच्या वेळी तुम्ही बाकावर, हातात पुस्तक. परतीच्या गाडीत तिने विचारल्याशिवाय स्केटिंगवर एक शब्द नाही. आणि तुमचं जे काय चाललंय ते तिला घरी कळू द्या, दुसऱ्या कुणा आईकडून नको.

नवरा हसेल. हसू दे. हसण्यापेक्षा "जिम"चे सहा महिने त्याला जास्त लागतील, आणि त्यात त्याची चूक नसेल. सांगताना पैशाचा कागद बरोबर ठेवा: बर्फाचे तास, कोच, ब्लेडची धार, पोशाख, प्रवेश शुल्क, विमान. एकदाच, पूर्ण आकडा. हप्त्याहप्त्याने कळलेला खर्च संसारात फार वाईट लागतो.

शरीराचं थोडं बोलते, कारण हे मला पुष्कळ जणी विचारतात, स्केटिंग असो की आणखी काही. जुन्या मोडलेल्या जागेचा नवा एक्स-रे काढा. चाळिशीच्या उंबऱ्यावर हाडांची ताकद आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कॅनडातल्या उन्हाची तुम्हाला कल्पना आहेच. उडी आधी जमिनीवर, साध्या बुटांत. ती नीट उतरायला लागली की मगच बर्फावर. खुब्याला आणि गुडघ्याला पॅड लावायला लाजू नका. डोक्यातली उडी सतराव्या वर्षाचीच राहिलेली असते आणि तिची वेळ आता पायांना गाठता येत नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. त्यावर मला एकच उपाय दिसतो: लहानपणी तुम्हाला न शिकवलेल्या कोचकडे जा, आणि प्रौढांना शिकवायची सवय असलेल्या कोचकडे जा. त्याच्या डोक्यात तुमची जुनी उडी नसेल.

तुम्ही नसताना खेळही बदलला, आणि तुमच्या सोयीने बदलला असं मला वाटतं. तुम्ही ६.० गुणांच्या जमान्यातल्या, म्हणजे पंच जास्तीत जास्त ६.० गुण द्यायचे तेव्हाच्या. ती पद्धत २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमधल्या पंचांच्या भानगडीनंतर गेली. आता उडी, गिरकी अशा प्रत्येक घटकाला वेगळे गुण असतात, आणि तो कसा केला यासाठी उणे ५ पासून अधिक ५ पर्यंत. गिरक्या आणि पावलांच्या ओळी यांना अवघडपणाच्या पायऱ्या. म्हणजे धडपडून मारलेल्या मोठ्या उडीपेक्षा स्वच्छ उतरलेली साधी उडी, ब्लेडच्या कडेवर (एजवर) खोल झुकून टाकलेली पावलं आणि मध्य न सोडणारी गिरकी यांतून बरंच काही जमवता येतं. गिरकी हा तुमचा हातखंडा होता असं तुम्हीच लिहिता, डबल ॲक्सलच्या सात उल्लेखांच्या मध्ये एकदाच, ओझरतं! आणखी एक: २०१४ पासून एकेरीतही शब्द असलेलं संगीत चालतं. तुमच्या वेळी गाणं म्हणजे बिनशब्दांचं. आता आजीची ओवी लावून स्केटिंग करायला कुणाची ना नाही. पंचांना कळणार नाही, पण बाबांना कळेल.

ओबर्स्टडॉर्फ. ही स्पर्धा २००५ पासून आल्प्सच्या कुशीतल्या त्या गावात भरत आली आहे, अठ्ठाविशी ओलांडलेल्यांसाठी. वयानुसार गट, कौशल्यानुसार ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, मास्टर्स अशा पातळ्या, आणि उड्यांपेक्षा सादरीकरणाला महत्त्व देणारा आर्टिस्टिक प्रकार वेगळा. लहानपणी कुठवर स्पर्धा केली याचाही पातळी ठरवताना विचार होतो, तेव्हा नियमपत्रक नीट वाचा. २०११ साली तिथे जपानची मिदोरी इतो उतरली होती. स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल मारणारी पहिली स्त्री, १९८९ ची जगज्जेती, तेव्हा ४१ वर्षांची. तिला तिथे कुणाला काही दाखवून द्यायचं उरलं नव्हतं.

पण पहिली स्पर्धा तिथे नको. तुमच्याच प्रांतात प्रौढांच्या छोट्या स्पर्धा होतात, त्यातली एखादी वर्षभराने घ्या, घरच्यांना बाकावर बसवून. आणि उतरण्याआधी कागदावर लिहून ठेवा, काय झालं म्हणजे मी समाधानी. जर्मन स्केटर कातारिना विट दोन ऑलिंपिक सुवर्णांनंतर १९९४ ला परतली आणि लिलहामर ऑलिंपिकला सातवी आली. तिचं सादरीकरण युद्धात होरपळणाऱ्या सारायेवोसाठी होतं, जिथे तिने १९८४ ला पहिलं सुवर्ण घेतलं होतं. सातव्या नंबरबद्दल तिला आज कोण विचारतं?

तुमच्यासारखी पत्रं मला बर्फाशिवायही येतात. एकीने अरंगेत्रमच्या आधी भरतनाट्यम सोडलं, एकाची कबड्डी गुडघ्याने संपली, एकीचं टेबल टेनिस पहिल्या बाळंतपणानंतर. त्या सगळ्यांना मी आधी हेच विचारते, की सोडलं त्या दिवशी नेमकं काय वाटलं होतं. रागाखाली बऱ्याचदा दुसरं काहीतरी सापडतं. ते सापडलं की कुठल्या दाराने परत जायचं ते आपोआप सुचतं. कधी असंही सुचतं की जायचंच नाही, शिकवायचं आहे, किंवा नुसतं बघायचं आहे. तेही चालतं.

तुमच्या बाबतीत मला वाटतं, जायचं आहे. सहा महिने पहाटे उठून खोटं बोलत का होईना जाताय, म्हणजे खूळ असलं तरी टिकाऊ आहे.

तर येत्या आठवड्यात एक करा. बाबांना वरचं पहिलं वाक्य सांगा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनाच म्हणा, मला रिंकवर सोडाल का? या वयात त्यांना एवीतेवी पाचला जाग येतच असेल. गाडी त्यांना चालवू द्या. जाताना चहाचा थर्मास द्या, आणि बसायला एक जाड घडी घेतली आहे ना ते बघा. डिकीतली चादर चालेल. ते बाक फार गार असतात.